स्लाइड बंद केल्यावर आत काय उरतं? एका ट्रेलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओहायोत कोलंबसजवळ राहणारं हे मराठी कुटुंब. खोटी नावं देण्यापेक्षा मी त्यांना ताई आणि दादा म्हणतो, एरवीही तेच म्हणतो. दोघंही नोकरी करणारे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. दादांचे आईवडील दोन-तीन वर्षांतून एकदा साताऱ्याहून येतात आणि पाच-सहा महिने राहतात. आजोबांना मधुमेह, त्यामुळे जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात आणि बाथरूम जवळ हवं. आजींचे गुडघे दुखतात, बाहेरचं खाणं त्यांना दोन दिवसांच्या वर सोसत नाही. या घराने ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरवलं ते हौसेपेक्षा गरजेपोटी. आपली चूल आणि आपलं बाथरूम बरोबर असलं की आजी-आजोबांना चार ठिकाणं दाखवता येतील, एवढा साधा हिशेब.

मी गेली काही वर्षं ओळखीच्या लोकांना वापरलेले ट्रेलर घेण्याआधी तपासून देतो. छप्पर, टायर, गॅसची लाइन, ओल. यांचा पहिला ट्रेलर बघायलाही मीच गेलो होतो. लांबी २९ फूट, आणि एका बाजूला जवळजवळ १२ फुटांची स्लाइड. त्या स्लाइडमध्ये सोफा आणि त्याला लागून यू आकाराचं जेवणाचं टेबल.

ज्यांनी ट्रेलर आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत हायवेवर गाडीची रुंदी साडेआठ फुटांपर्यंतच चालते. त्यातून दोन्हीकडच्या भिंती गेल्या, ओटा गेला, सोफा गेला की मधे उरते ती माणसाने एकट्याने चालावी एवढी वाट. यावर स्लाइड-आउटचा उपाय निघाला. भिंतीचा एक तुकडा जमीन-छपरासकट मुक्कामाला पोचल्यावर बाहेर सरकवायचा आणि निघताना आत घ्यायचा. १९९० मध्ये इंडियानातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने तो आणला आणि बघता बघता बाजाराची रीतच बदलली. आज मोठ्या ट्रेलरमध्ये स्लाइड नसेल तर लोक विचारतात, का नाही?

डीलरच्या आवारात ती स्लाइड उघडी होती. आत शिरल्याबरोबर ताई म्हणाल्या, "अहो, हा तर हॉल आहे!" आणि खरोखरच तो हॉल होता. दोघांनी त्याच दिवशी बयाणा दिला. मी स्लाइडभोवतीचे रबरी सील पाहिले, छप्पर पाहिलं, बटण दाबून स्लाइड एकदा आत-बाहेर करून पाहिली. पण ती आत असताना दार उघडून ट्रेलरमध्ये शिरून पाहिलं नाही. या सगळ्या प्रकरणातली माझ्या हातून झालेली चूक हीच, आणि पुढचं बरंचसं तिथूनच सुरू झालं.

पहिला उन्हाळा

पहिलं वर्ष छान गेलं. चौघंच जण, वीज-पाण्याची जोडणी असलेली कॅम्पग्राउंड, दोन-तीन दिवसांच्या सहली. पाऊस आला की मुलं टेबलावर पत्ते खेळायची, ताई ओट्याशी, दादा सोफ्यावर, कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. स्लाइडचा फायदा हाच आणि तो खरा आहे. तीन फूट बाहेर गेलेली भिंत म्हणजे तीन फूट जागा असं कागदावर वाटतं, पण प्रत्यक्षात मधली वाट मोकळी होते, आणि त्यामुळे एकाच वेळी दोघांना दोन कामं करता येतात.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. स्लाइड आत घेतली की सोफा समोरच्या फ्रिजला टेकायचा आणि बाथरूमचं दार वीतभरच उघडायचं. मुलगा बारीक असल्यामुळे त्या फटीतून शिरायचा आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटायची.

ऑक्टोबरची सहल

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आजी-आजोबा आले. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये जायचं ठरलं, मुक्काम एल्कमाँट कॅम्पग्राउंडवर. पिकअप ट्रकमध्ये दादा आणि मुलं, मागे ट्रेलर. ताई आजी-आजोबांना घेऊन दुसऱ्या गाडीत.

सिनसिनाटीवरून आय-७५ हायवे धरून दक्षिणेला जाताना पहिल्या रेस्ट एरियावर जेवायला थांबले. आजींनी पहाटे उठून दशम्या आणि बटाट्याची भाजी केली होती, दही फ्रिजमध्ये. आणि फ्रिज सोफ्यामागे बंद. मोठ्या ट्रकांच्या रांगेत स्लाइड बाहेर काढायला जागा नव्हती. आजोबांना बाथरूमला जायचं होतं, पण ती फट त्यांच्या कामाची नव्हती. ते काही न बोलता काठी टेकत रेस्ट एरियाच्या इमारतीपर्यंत चालत गेले, आणि परत येऊन दह्याशिवाय जेवले. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. "ज्यांच्यासाठी घेतला त्यांनाच वापरता आला नाही," एवढंच म्हणाल्या.

केंटकी संपून टेनेसी लागताना जेलिकोचा घाट आहे. तिथे दादांना ट्रकचं तोंड हलकं झाल्यासारखं वाटलं. स्टिअरिंग सैल, मागची बाजू बसलेली, शेजारून ट्रक गेला की झोल. त्यांनी वेग कमी केला आणि उजव्या लेनमधून घाट पार केला.

एल्कमाँटला जागा झाडांच्या मधे होती. ट्रेलर लावला, स्लाइड बाहेर निघाली आणि शेवटच्या वीतभर अंतरावर मुलगी ओरडली. भिंत आणि झाडाचा बुंधा यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं होतं. पुन्हा सगळं आत, ट्रेलर पुढे घेऊन तिरका लावला, मग बाहेर. आत गेल्यावर आजी ठेचकाळल्या. या स्लाइडची जमीन मुख्य जमिनीपेक्षा दीड-दोन इंच उंच होती आणि कडेला पट्टी. तरण्या माणसाच्या ती लक्षातही येत नाही. आजींनी तीन दिवस सोफ्यावर जाताना भिंतीला हात लावून पाय उचलला.

स्लाइड अडकली तो दिवस

एल्कमाँटच्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. रात्री थंडी पडायची म्हणून गॅसचा हीटर चालू ठेवला. हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ जरी फिरला तरी ३५-४० अँपिअर-अवर गेले. यांची एकच शिशाची बॅटरी, ८० च्या आसपासची, आणि तिच्यातले निम्मेच वापरण्याजोगे. दोन रात्रींत ती रिकामी झाली.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. दादांनी आत घ्यायचं बटण दाबलं, स्लाइड हातभर सरकली आणि थांबली. पुन्हा दाबलं, चार बोटं सरकली. पाच-सहा वेळा असं केल्यावर पुढची बाजू आत आणि मागची चार बोटं बाहेर, अशी ती तिरपी होऊन बसली. मोटर नुसती कण्हत होती.

हे का होतं ते कळलं तर घाबरायला होत नाही. या ट्रेलरमध्ये भिंतीतली यंत्रणा होती. स्लाइडच्या दोन्ही कडांना दातेरी पट्ट्या आणि प्रत्येक बाजूला एक स्वतंत्र छोटी मोटर. दोघींनी बरोबरीने फिरायचं असतं. व्होल्टेज पडलं की एक मागे राहते, कंट्रोलरला ते कळतं आणि तो थांबतो. बटण पुन्हा पुन्हा दाबलं की तिरकेपणा वाढतच जातो. जमिनीखालून दांडा आणि दातेरी चाक असलेली जुनी पद्धत जड असते, खाली जागा खाते, पण तिथे एकच मोटर आणि दोन्ही बाजूंना जोडणारा एकच दांडा असल्याने दोन बाजू एकमेकींपासून सहसा सुटत नाहीत. भिंतीतली यंत्रणा हलकी आणि बिनआवाजाची, म्हणून कारखान्यांना ती आवडते. वापरणाऱ्याला मात्र बॅटरीची आणि बटणाची शिस्त पाळावी लागते.

तिथे फोनला रेंज नाही. दादा ताईंची गाडी घेऊन गॅटलिनबर्गच्या बाजूला वीसेक मिनिटं गेले आणि मला फोन केला. त्यांच्यासमोर तीन वाटा होत्या. एक, फिरत्या मेकॅनिकला बोलवायचं. पण तो किती वाजता येईल सांगता येत नव्हतं आणि त्या जागेवर पुढचे लोक यायचे होते. दोन, मोटरी खाचेतून सोडवायच्या आणि चौघा-पाच जणांनी बाहेरून भिंत सारखी ढकलायची. ही सोय यंत्रणेत ठेवलेलीच असते, पण मोटरीपर्यंत पोचायला सील बाजूला करावे लागतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून ते फाटू शकतात. शिवाय मग घरी पोचेपर्यंत स्लाइड आतून अडकवून ठेवावी लागते. तीन, आधी बॅटरीत जीव आणायचा.

मी तिसरी वाट सांगितली. ट्रकची सात पिनांची जोडणी तिथे पुरत नाही, तिची तार बारीक असते. म्हणून जंपर केबलने ट्रकची बॅटरी थेट ट्रेलरच्या बॅटरीला जोडून इंजिन अर्धा तास चालू ठेवायचं. मग आत घ्यायची घाई न करता आधी स्लाइड पूर्ण बाहेर काढायची आणि दोन्ही मोटरी थांबल्यावरही बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे दोन्ही बाजू पुन्हा एका रेषेत येतात. त्यानंतर एका दमात आत.

तसं केलं आणि स्लाइड आत गेली. पण त्या गडबडीत वर चढून तिचं छप्पर झाडायचं राहिलं. तीन दिवसांची ओली पानं तिच्याबरोबर आत गेली.

वास

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी ताई आजींना घेऊन ट्रेलर आवरायला गेल्या. दार उघडताच आजी म्हणाल्या, "इथं ओल धरलीय. पावसाळ्यात धान्याच्या कोठीला येतो तसला वास आहे."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. सोफ्याखालची फळी काढली. कोपऱ्यात जमीन काळी पडली होती, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं आत गेलं. पट्टा दोन वितींचा असेल. हे पंधरा दिवसांचं काम नव्हतं. आदल्या वर्षीही पानं तशीच आत गेली असणार. वरचं रबरी सील छपराला घट्ट चिकटून राहायला हवं, पण पानांचा लगदा मधे अडकला की ते उचललं जातं, आणि तो लगदा हिवाळाभर ओला राहतो. पाणी कडेने खाली उतरतं आणि जमिनीच्या फळीच्या उघड्या कडेतून आत शिरतं. ओहायोतलं गोठणं-वितळणं उरलेलं काम करतं.

घेतानाच मी ओल मोजणारं यंत्र सगळ्या भिंतींना लावलं होतं. त्या कोपऱ्यात जमिनीला लावलं होतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हापासून मी स्लाइडचे खालचे दोन्ही कोपरे खालून, आडवं पडून तपासतो.

काय पर्याय होते

परतीच्या वाटेवर दादांनी ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर ट्रेलर जोडून आणि सोडून दोनदा वजन केलं होतं. ट्रेलर ७,१०० पाउंड, आणि त्यातलं ९२० ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे जोडतात त्या जागेवर. माहितीपत्रकात ट्रकची ओढायची क्षमता ९,००० लिहिली आहे, त्या जोरावर सगळे निर्धास्त होते. पण ड्रायव्हरच्या दारात जी पट्टी चिकटवलेली असते ती वेगळी गोष्ट सांगते. माणसं आणि सामान मिळून १,५०० पाउंडच्या वर नको, असं तिच्यावर होतं. चौघं ट्रकमध्ये बसले की त्यांचे ४८५, सायकली आणि खुर्च्यांचे १५०, वजन विभागणाऱ्या हिचचे ९५, आणि हिचवरचे ९२०. झाले १,६५०. जेलिकोच्या घाटात ताई ट्रकमध्ये नव्हत्या, तरी तिथल्या झोलाशी हिचवरच्या या वजनाचा संबंध आहे, असं मी मानतो. स्लाइडची जादा भिंत, जमीन, मोटर आणि तिच्यात बसवलेलं फर्निचर मिळून काहीशे पाउंड सहज भरतात.

आता तीन रस्ते होते. हाच ट्रेलर दुरुस्त करून ठेवायचा, पण मग वजनासाठी ट्रक बदलावा लागणार. दुसरा, बिनस्लाइडचा घ्यायचा. हलका, गळण्याची एक मोठी जागा कमी, मोटर नाही, आणि रस्त्यात थांबलं की पूर्ण घर वापरता येतं. माझा कल उघडपणे याच बाजूला होता. तिसरा, लहान ट्रेलर, एकच उथळ स्लाइड, आणि ती बंद असतानाही बाथरूम, फ्रिज व पलंग गाठता येईल अशी आखणी.

दादांनाही माझं पटलं होतं. ताईंना नव्हतं. त्या म्हणाल्या, "आधी तसल्या ट्रेलरमध्ये राहून बघू. मागच्या वेळी उघडा बघून घेतला, या वेळी ऐकून घ्यायचा का?" या सगळ्यातला सर्वांत चांगला निर्णय तो होता, आणि तो ताईंचा होता.

भाड्याने राहून पाहिलेले दोन दिवस

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी २२ फुटांचा बिनस्लाइडचा ट्रेलर भाड्याने घेतला आणि तासाभरावरच्या हॉकिंग हिल्स स्टेट पार्कमध्ये गेले. तिथे वीज होती, म्हणून बॅटरीचा प्रश्न नव्हता. दोन्ही दिवस पाऊस पडला आणि परीक्षेला तो बरा झाला.

वाटेतलं थांबणं सुखाचं झालं. आजोबा ट्रेलरमध्ये बाथरूमला गेले, दही निघालं, चहा झाला. मुक्कामाला मात्र वेगळंच चित्र. संध्याकाळी आजी पिठलं-भाकरी करायला उभ्या राहिल्या. भाकरी थापायला परात टेबलावर, तवा ओट्यावर, आणि दोन्हींच्या मधे तीच एक वाट. आजी वळल्या की मुलाने पाय वर घ्यायचे. कुणाला बाथरूमला जायचं असलं की आजींनी तव्यावरची भाकरी सोडून पलंगावर बसायचं. तिसऱ्या भाकरीला आजींनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "सगळे एकदा जाऊन या, मग मी पुढच्या करते." रात्री टेबल मोडून तिथे अंथरूण घातल्यावर आजोबांना औषध घ्यायला बसायलाही जागा नव्हती.

चौघांना तो ट्रेलर पुरला असता. सहा जणांना, दोन दिवसांच्या पावसात, नाही. माझं मत बदललं ते तेव्हा. बिनस्लाइडचा ट्रेलर जो वेळ रस्त्यावर वाचवतो तो मुक्कामात वसूल करतो, आणि हे कुटुंब मुक्कामातच जास्त राहतं.

काय केलं

तिसरा पर्याय ठरला. हिवाळ्यात त्यांनी पाच ट्रेलर पाहिले, पाचही वेळा विक्रेत्याला आधी स्लाइड बंद करायला लावली. मग दादा बंद ट्रेलरमध्ये शिरून बाथरूमचं दार उघडून आत बसून आले, ताईंनी फ्रिज उघडून खणातून पातेलं काढून पाहिलं. तीन तिथेच बाद झाले. चौथ्याचं वजन जास्त.

पाचवा घेतला. २४ फूट, फक्त जेवणाच्या टेबलाची स्लाइड, खालून दांड्यावर चालणारी, बाहेर जेमतेम दोन-सव्वादोन फूट. भरल्यावर ५,६०० पाउंड, हिचवर ७३०. तोच हिशेब पुन्हा मांडला तर १,४६०. पट्टीपेक्षा ४० कमी. हे काठावरचं आहे, म्हणून सायकली आता ट्रेलरबरोबर जात नाहीत.

जुना ट्रेलर देताना एक अवघड प्रसंग आला. तो कोपरा सोफ्याखाली होता, न सांगता खपला असता. दादांनी फोटो दाखवून सांगितलं. किंमत बरीच कमी आली, आणि दोघांनाही ते लागलं. तरी पुन्हा तोच निर्णय घेऊ, असं ते म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

ट्रकच्या दारातली पट्टी पहिल्या दिवशी वाचली असती तर २९ फुटांचा ट्रेलर यादीतच आला नसता. स्लाइड बंद करून आत गेलो असतो तरी तेच. दोन्हीला मिळून दहा मिनिटं लागली असती.

स्मोकीला जाताना दुसरी बॅटरी, निदान बॅटरी किती उरली ते दाखवणारा मीटर हवा होता. हीटरचा पंखा बॅटरी खातो हे मी सांगायला हवं होतं. आणि स्लाइड अडकल्यावर दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी व्होल्टेज पाहायला हवं होतं.

पानांबद्दल ताईंनी आता नियमच केला आहे. स्लाइड आत घेण्याआधी शिडी आणि मऊ केरसुणी. सील वर्षातून दोनदा ओल्या फडक्याने पुसून त्यांवर रबरासाठीचा कोरडा सिलिकॉन स्प्रे मारायचा. ग्रीस किंवा पेट्रोलियमचं काही नाही, त्याने धूळ चिकटते आणि रबर फुगतं. नव्या ट्रेलरच्या स्लाइडवर त्यांनी कापडी छत बसवून घेतलं आहे. पानं त्यावर अडतात, पण जोराच्या वाऱ्यात ते रात्रभर फडफडतं, आणि पाऊस थांबला की मधोमध पाण्याचा फुगा धरतं. आत घेण्याआधी कापडाखालून केरसुणीच्या दांड्याने तो उचलावा लागतो, आणि वारा फारच असला तर स्लाइड आत घेऊनच झोपावं लागतं. या ट्रेलरमध्ये तसं झोपता येतं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. याही स्लाइडला जमिनीवर उंचवटा आहे, इंचभराचा. समपातळीची स्लाइड या वजनात त्यांना मिळाली नाही. मुलीने त्या कडेवर लाल रेडियमची पट्टी चिकटवली आहे आणि दादांनी शेजारच्या कपाटाला हाताने धरायचा गज बसवला आहे, आजींच्या उंचीचा. आजी-आजोबा पुढच्या जूनमध्ये येणार आहेत.